पडलेल्या फांदीचा मालक कोण?

भारतीय दंड संहितेतलं ३७८वं कलम चोरीची व्याख्या करायचं. व्याख्या नीट कळावी म्हणून कलमाखाली उदाहरणं दिली होती, आणि त्यातलं अगदी पहिलं उदाहरण झाडाचं होतं. दुसऱ्याच्या जमिनीतलं झाड, त्याची संमती नसताना, लबाडीने नेण्याच्या इराद्याने कुणी तोडलं, तर ते झाड जमिनीपासून सुटलं त्याच क्षणी चोरी झाली. घरी नेलं की वाटेत टाकलं, हा प्रश्नच उरत नाही. १८६० सालचं हे उदाहरण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. कलमाचा आकडा बदलून ३०३ झाला, पण झाडाचा पहिला नंबर कायम राहिला.

हे झालं तोडलेल्या झाडाचं. फांदी आपणहून वाळली, वाऱ्याने मोडली आणि शेजाऱ्याच्या बांधापलीकडे पडली तर? डोंगरात पडून राहिलेला ओंडका, पुरात वाहून आलेलं खोड, दरड कोसळल्यावर उन्मळून आलेलं झाड, हे सगळं कुणाचं? ‘फुकटचं लाकूड’ म्हणजे ज्याच्या हाती लागेल त्याचं, असं शहरातून पाहताना वाटतं. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात मात्र त्यावरून शेजाऱ्यांचं बोलणं बंद पडलेलं आहे, सरकारने त्यावर कायदे केले आहेत, आणि याच जिल्ह्यात जंगलतोडीच्या एका सत्याग्रहात माणसं गोळीला बळी पडली आहेत.

आगोटीची घाई

आधी हा मुलूख डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्यातून उतरणारे वरंध आणि आंबेनळी हे घाट, दक्षिणेला कशेडी. मधून सावित्री, गांधारी, काळ या नद्या. भाताची खाचरं तळाला, तीही लहान लहान तुकड्यांत. वरच्या उतारावर वरकस जमीन, म्हणजे नाचणी-वरीची, एरवी गवताची आणि झाडांची. त्याच्या वर जंगल.

इथला पाऊस एकदा सुरू झाला की चार महिने काडी सुकत नाही. म्हणून मृगाच्या आत घरात जळण भरलेलं असावं लागतं. या तयारीला कोकणात आगोट म्हणतात. मीठ-मिरची, सुकी मासळी, पापड-कुरडया यांच्याइतकीच आगोटीत फाट्यांची मोजदाद असते. फाटी म्हणजे सरपणाची लाकडं. माळ्यावर, पडवीत, मांगरात ती रचलेली दिसली की घरातली बाई निश्चिंत. भर श्रावणात कुणाकडे जळण मागायची वेळ येणं हे पीठ मागण्यापेक्षा लाजिरवाणं. पीठ कुणाकडेही संपतं; जळण संपलं म्हणजे उन्हाळाभर तुम्ही काय करत होतात, हा प्रश्न येतो.

ही कामगिरी बहुतेक बायकांच्या डोक्यावर होती, अगदी शब्दशः. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, कमरेला कोयता. सकाळी निघायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. जवळपासची सुकी लाकडं संपली की दर आठवड्याला थोडं लांब जायचं. मे महिन्याच्या अखेरीस हे अंतर सर्वांत जास्त आणि वेळ सर्वांत कमी. भांडणं होतात ती याच दिवसांत.

विचारणं ही पावती

या घाईतही काही गोष्टी पाळायच्या असत. त्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या. पोरगी आईच्या मागून चालताना शिकायची. सुकं घ्यायचं, ओल्याला हात लावायचा नाही. कुणी बांधून वाटेच्या कडेला ठेवलेली मोळी त्याची, मग तो दोन दिवस फिरकला नाही तरी. आंबा, फणस, काजू अशा फळझाडाची वाळलेली फांदीसुद्धा विचारल्याशिवाय न्यायची नाही, कारण ते झाड कुणीतरी लावलेलं असतं. ऐन, किंजळ यांसारखं रानचं झाड डोंगरात असेल तर गोष्ट वेगळी. तेच झाड कुणाच्या बांधावर असेल तर बांधवाल्याचं.

देवराईचा नियम सर्वांत कडक. तिथलं पडलेलं लाकूडही देवाचं. ते घ्यायचं तर देवाचा कौल हवा, आणि घेतलं तरी देवळाच्या कामाला किंवा गावजेवणाला. कोकणातल्या या राया टिकल्या त्यामागे श्रद्धा होती आणि पाण्याचा हिशेबही होता. रायगड जिल्ह्यातल्याच श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आपली देवराई तुटू नये म्हणून धडपड केली, ती तिथे उगम पावणाऱ्या ओढ्यासाठी. माधव गाडगीळ यांनी ती हकिगत नोंदवून ठेवली आहे.

सगळ्यात नाजूक मामला बांधावरच्या झाडाचा. बुंधा एकाच्या हद्दीत, सावली दुसऱ्याच्या भातावर, आणि फांदी पडली ती नेमकी तिसऱ्याच्या वाटेत. “वयनी, तुमच्या ऐनाची फांदी पडलीय, नेऊ का?” एवढं एक वाक्य पुरतं. उत्तर बहुतेक वेळा “ने की, विचारतेस काय” असंच येतं. मग विचारायचं तरी कशाला?

कारण त्या विचारण्यात एक कबुली असते: झाड तुमचं आहे, म्हणजे बांध तुमचा आहे. न विचारता नेलेली एक फांदी कुणी मनावर घेत नाही. पण सलग तीन वर्षं न विचारता नेली, तर चौथ्या वर्षी तोच माणूस म्हणतो, हे झाड आम्हीच तोडत आलोय. मोजणीचे दगड हललेले, वाटण्या तोंडी झालेल्या आणि भाऊबंद मुंबईला असलेल्या मुलखात झाड हीच हद्दीची खूण असते. म्हणून फांदीवरून लागलेलं भांडण पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटतं, पण खरी ओढाताण जमिनीची असते.

वर्षातून एकदा मात्र या सगळ्या नियमांना सुट्टी असे. शिमग्यात होळीसाठी पोरं लाकडं पळवायची. कुणाची फाटी, कुणाचा मोडका दरवाजा, कुणाच्या कुंपणाचे खुंट. मालकाने आरडाओरडा करावा हेही त्या खेळातच धरलेलं. एकदा लाकूड होळीवर पडलं की ते परत मागायचं नाही. मालक जागा असेल तर त्याने आपल्या फाट्यांवर रात्रभर बसून राहावं, तेवढाच उपाय. वर्षभर दुसऱ्याच्या काडीला हात न लावणाऱ्या गावाने एक रात्र ठरवून सोडून दिलेली असे. अशी सूट देता येते, कारण बाकीचे दिवस नियम सर्वांना ठाऊक असतो.

राजाने विचारायचं

विचारण्याची ही रीत फक्त शेजाऱ्यांपुरती नव्हती. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं याचं प्रकरण आहे. आंबा-फणसाचं लाकूड जहाजाला उपयोगी पडतं, हे त्यांना मान्य आहे. तरीही रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये, असं ते बजावतात. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलंच असेल, तर मालकाला राजी करून, किंमत देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. बळजबरी अजिबात नको.

प्रत्यक्षात किती अंमलदारांनी हे पाळलं असेल, हा भाग निराळा. पण सत्तेलाही झाडाच्या मालकाच्या अंगणात जाऊन विचारावं लागतं, ही कल्पना राज्यकारभाराच्या ग्रंथात लिहिलेली होती, हे महत्त्वाचं. रायगड किल्ला महाड तालुक्यातच आहे. या खोऱ्याने ते राज्य अगदी जवळून पाहिलं होतं.

राब आणि परवाना

इंग्रजी अमलात विचारण्याची दिशा उलटली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित असे वर्ग केले. राखीव जंगलात जे परवानगी दिलेलं नाही ते सगळं मना. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, मुंबई जमीन महसूल संहिता आली. तिच्या ४४व्या कलमात सरपणाचा विषय सरळ येतो. जिथे झाडांवर सरकारचा हक्क राखलेला आहे, पण गावकऱ्यांना घरगुती वापरासाठी जळण किंवा लाकूड तोडण्याची सवलत आहे, तिथे ही सवलत सरकारी नियमांनुसार वापरायची. ती कधी आणि कशी वापरावी यावर वाद झाला, तर कलेक्टरचा किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा निर्णय अखेरचा. हीच तरतूद पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत २८वं कलम म्हणून आली.

एका शब्दाकडे लक्ष द्या: ‘सवलत’. गावाच्या लेखी जो रिवाज होता, तो कागदावर आला तेव्हा मेहेरबानी झाला. पूर्वी शेजारणीला विचारायचं. आता विचारायचं ते जंगल खात्याच्या शिपायाला. शेजारीण उद्या तुमच्याकडे विस्तव मागायला येणार असते. शिपाई येत नाही. आला तरी कोंबडी मागायला.

कोकणातल्या शेतकऱ्याला याची झळ लागली ती राबामुळे. भाताची रोपं जिथे करायची ती जागा भाजावी लागते. हिवाळ्याच्या शेवटी झाडांची टहाळं तोडायची, त्यांचे थर, शेण, गवत, पातेरा, वर माती असं रचून उन्हाळ्यात पेटवायचं. या राखेवर रोपं जोमाने येतात आणि तण कमी होतं. हा राब झाडांच्या फांद्यांवर अवलंबून. वरकस उतारावरचे ऐन दरवर्षी छाटून छाटून खांबासारखे झालेले आजही दिसतात, ते यामुळेच. जंगल खात्याच्या दृष्टीने ही नासाडी होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते खत होतं. वाद इतका तापला की सरकारने १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतल्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी ‘बॉम्बे फॉरेस्ट कमिशन’ नेमलं. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. महाड तेव्हा याच कुलाबा जिल्ह्यात होतं. जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये. त्याआधीच, ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात जोतीराव फुल्यांनी जंगल खात्याने शेतकऱ्याचा चारा, पाला आणि जळण कसं हिरावलं, याबद्दल सरकारला फैलावर घेतलं होतं.

हे काही इथेच घडत नव्हतं. इंग्लंडमध्ये १२१७ सालच्या जंगलाच्या सनदेने सामान्य लोकांचे जंगलातले काही हक्क मान्य केले होते, आणि पुढच्या शतकांत कुंपणं घालून ते आक्रसत गेले. जर्मनीत ऱ्हाइन प्रांतात पडलेलं लाकूड वेचणाऱ्या गरिबांवर चोरीचा गुन्हा लावायचा घाट घातला गेला, तेव्हा १८४२ मध्ये एका तरुण पत्रकाराने त्यावर लेखमाला लिहिली. त्याचा मुद्दा साधा होता: झाडापासून सुटून पडलेली काटकी आता झाडाचा भाग नाही, मग झाडाच्या मालकाची ती कशी? त्या पत्रकाराचं नाव कार्ल मार्क्स. पोलादपूरच्या कुठल्याही आजीने त्याला अर्ध्या वाटेपर्यंत होकार दिला असता. पुढे विचारलं असतं, “पण झाड कुठं हाय, बांधावर का डोंगरात?”

ज्याला वाटच नाही

इथवरचं वाचून असं वाटेल की गावाचा जुना नियम गोड होता आणि सरकारने तो बिघडवला. तसं नव्हतं. विचारलं तर मिळतं, हा नियम ज्याला विचारता येतं त्याच्यासाठी होता.

कोकणातल्या खोतीत कुळाला खोताकडे वेठ करावी लागे. आठ दिवसांतला एक दिवस फुकट, अशी वेठीची नोंद सापडते. त्या दिवशी डोंगरातून आणलेली मोळी खोताच्या चुलीत जाई. महार वतनाचा बोजा याहून मोठा. गावचा निरोप्या, सांगावा पोचवणारा, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराला लाकडं आणि गवत पुरवणारा, मर्तिकाचा निरोप घेऊन गावोगाव जाणारा, असा तो सर्वांचा नोकर. काही गावांत गावहोळी पेटवायला विस्तव महारवाड्यातल्या होळीवरून आणायची रीत होती. त्याच्या हातचा विस्तव चाले, पाणी चालत नसे.

पाण्याचा प्रश्न महाडात उभा राहिला तो सर्वांना माहीत आहे. सार्वजनिक तळी-विहिरी सर्वांना खुल्या असाव्यात, हा रावबहादूर बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला, आणि जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यांनी विचारलं नाही. जे सार्वजनिक आहे ते विचारून घ्यायचं नसतं, हाच त्या दिवसाचा अर्थ. त्यावर उत्तर म्हणून मारहाण झाली, आणि डिसेंबरमध्ये, दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर, तळं खासगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात दाखल झाला. सार्वजनिक वस्तूवर नको त्या माणसाने हक्क सांगितला की ती एकाएकी खासगी ठरते, हे भांडण सरपणाच्या डोंगरावरही ओळखीचं आहे. उच्च न्यायालयाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला, १७ मार्च १९३७ रोजी. मधे दहा वर्षं गेली.

तळ्याकाठच्या त्या दिवसाइतकाच महत्त्वाचा असतो गावातला नंतरचा बहिष्कार. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या स्टार्ट समितीने १९३० मध्ये अहवाल दिला. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. हक्क मागणाऱ्यांवर गाव बहिष्काराचं हत्यार कसं चालवतं, ते त्यात लिहिलं आहे: जमिनी काढून घ्यायच्या, काम द्यायचं नाही, दुकानातून जिन्नस विकायचा नाही, वाटा बंद करायच्या. यातलं शेवटचं वाक्य सरपणाच्या बाजूने वाचून पाहा. डोंगर सरकारचा असेल, लाकूड फुकट असेल, पण डोंगराकडे जाणारी वाट कुणाच्या तरी शेतातून जाते. ती अडवली की चूल अडवली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे दोन्ही मिळत नाहीत.

वेठ संपायला कायदे लागले. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडलं. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि महार वतन १९५८ च्या कायद्याने.

अक्कादेवीचा डोंगर

मधल्या काळात याच कुलाबा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, उरणजवळच्या चिरनेर गावात, २५ सप्टेंबर १९३० रोजी लोक अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहाला जमले. राखीव जंगलातली झाडं उघडपणे तोडायची, एवढाच कार्यक्रम. पोलिसांनी गोळीबार केला. गावकरी मेले, आणि गोळीबारात मामलेदार जोशीही मेले. मिठाचा सत्याग्रह किनाऱ्यावर होतो; डोंगरातल्या माणसाला कायदा भेटतो तो कोयता हातात घेतल्यावर. त्या वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले, ते यामुळे. ज्या कृतीसाठी एरवी दंड भरावा लागे किंवा शिपायाचा हात ओला करावा लागे, तीच कृती आता मान वर करून करता येत होती.

पुराचं लाकूड

सावित्रीला पूर आला की डोंगरातली खोडं वाहत येतात. काठावरचे लोक दोर, आकड्या घेऊन उभे राहतात. जो ओढून काठाला लावेल त्याचं, हा नदीकाठचा रिवाज, आणि त्यात जिवाचा धोका असल्यामुळे त्याला सहसा कुणी हरकत घेत नाही. कायदा मात्र वेगळं म्हणतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ४५व्या कलमानुसार वाहत आलेलं, काठाला लागलेलं, रुतलेलं लाकूड हे कुणी मालकी सिद्ध करेपर्यंत सरकारचं मानलं जातं. अधिकाऱ्याने ते गोळा करून नोटीस काढायची, आणि मालकाला दावा सांगायला किमान दोन महिने द्यायचे. दोन महिने! कोकणातला पाऊस आणि ओलं लाकूड ठाऊक असलेल्या माणसाला हे ऐकून हसू येईल.

पण २००५ आणि २०२१ चा जुलै आठवला की हसू थांबतं. २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातलं तळिये आणि पोलादपूर तालुक्यातली केवनाळे, साखर सुतारवाडी ही ठिकाणं दरडीखाली आली. अशा वेळी चिखलात पडलेलं झाड कुणाचं, हे विचारायला उरलेलंच कुणी नसतं. बांध गेला, खूण गेली, आणि ज्याच्याकडे परवानगी मागायची तो माणूसही गेला.

कुंपण

आज या खोऱ्यात बहुतेक घरांत गॅसचा सिलिंडर आहे. तरी पाणी तापवायला, भाकरीला, लग्नाच्या आणि बाराव्याच्या जेवणाला चूल पेटतेच. टाकी महाग झाली की जास्त पेटते. कायदाही थोडा मऊ झाला आहे: २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तार हक्क मान्य केले, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि बुडखे यांची नावं घातली. पण त्यासाठी ग्रामसभेने दावा करायला हवा, पुरावे जोडायला हवेत. दुसरीकडे स्वतःच्या जमिनीतला ऐन, किंजळ, हिरडा किंवा जांभूळ तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. १९७५ च्या खासगी वने कायद्याने कोकणातल्या कित्येक वरकस जमिनी सरकारी वनात गेल्या, आणि त्यांचे दावे पिढीपार चालले.

नवा शेजारी आता पुण्या-मुंबईचा असतो. तो जमीन घेतो, चारी बाजूंनी तारेचं कुंपण घालतो, फाटकाला कुलूप लावतो आणि शनिवारी येतो. सातबारा त्याच्या नावावर आहे, तो काही बेकायदा करत नाही. पण त्याच्या आवारात पडलेली फांदी जागच्या जागी कुजते. कुंपणाबाहेरच्या बाईला ती दिसते, आणि तिला विचारायचं असतं, तर दारात माणूस नसतो. गडगा असता तर पलीकडून हाक मारता आली असती.

तुमचं गाव कोकणात असेल आणि तुम्ही मे महिन्यात तिकडे जाणार असाल, तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा की आपल्या बांधावरची झाडं कुठली, त्यांची सुकी लाकडं कोण नेत होतं, आणि डोंगराची वाट कुणाच्या शेतातून जात होती. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात वाटेची किंवा विहिरीची नोंद कधी कधी सापडते. पडलेल्या फांदीची सापडत नाही. ती नोंद माणसांकडेच आहे, आणि तीही फार दिवस राहणार नाही.